तीव्र लघुदृष्टी : चष्म्यापलीकडची काळजी

वर्गातील फळ्यावरची अक्षरे पुसट दिसू लागली म्हणजे मुलाचे डोळे तपासले जातात, नंबर निघतो आणि चष्मा लागतो. चष्मा लागताच अक्षरे पुन्हा ठसठशीत दिसतात आणि घरातील काळजीही मिटते. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ही निश्चिंती योग्यच असते. परंतु काही मुलांचा नंबर दरवर्षी वाढत जातो व वयात येईपर्यंत उणे ६, उणे १० किंवा त्याहूनही पुढे पोहोचतो. अशा व्यक्तींच्या बाबतीत चष्म्याने प्रश्नाचा केवळ अर्धा भाग सुटलेला असतो. भिंगामुळे दिसणे सुधारते. पण ज्या कारणाने नंबर वाढला, ते डोळ्याचे लांबणे तसेच राहते. त्याचे परिणाम पुढे वीस-तीस वर्षांनी डोळ्याच्या आतील नाजूक पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दिसू लागतात. त्यांपैकी काहींमुळे दृष्टी कायमची जाऊ शकते. वेळीच ओळखले तर यांतील बरेचसे नुकसान टाळता येते.

खेदाची गोष्ट अशी की, मोठ्या नंबराचा चष्मा वापरणाऱ्या कित्येक व्यक्तींना ही बाब ठाऊकच नसते. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेणे म्हणजेच डोळे तपासणे, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज दूर होणे अगत्याचे आहे. या कामी शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य आणि गावपातळीवरील अधिकारी यांचे साहाय्य मोलाचे ठरू शकते.

लघुदृष्टी कशामुळे उद्भवते?

जवळचे स्पष्ट व लांबचे अस्पष्ट दिसणे, या दोषास लघुदृष्टी असे म्हणतात. शालेय पुस्तकांतून तो निकटदृष्टिता या नावानेही परिचित आहे. बोलीभाषेत लोक त्यास ‘मायनस नंबर’ म्हणतात. निरोगी प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. बाहेरून येणारे प्रकाशकिरण डोळ्याच्या पुढील पारदर्शक भागातून व आतील भिंगातून वळून नेमके मागच्या दृष्टिपटलावर एकत्र येतात. लघुदृष्टी असलेल्या बहुतेक व्यक्तींचा डोळा प्रमाणापेक्षा लांब झालेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूंपासून येणारे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि दृष्टिपटलावर धूसर प्रतिमा उमटते. अंतर्गोल भिंगाने हे किरण थोडे पसरवले म्हणजे प्रतिमा मागे सरकून योग्य जागी पडते. अंतर्गोल भिंगाचे हे कार्य योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६०४ साली आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात प्रथम नीट उलगडून दाखविले.

डोळ्याची लांबी एक मिलिमीटरने वाढली की चष्म्याचा नंबर सामान्यतः अडीच ते तीन डायॉप्टरने वाढतो. उणे १० नंबराचा डोळा अशा रीतीने नेहमीपेक्षा साधारण तीन-चार मिलिमीटरने अधिक लांब असू शकतो. अशा व्यक्तीला चष्म्याशिवाय केवळ १० सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते; त्यापलीकडचे जग तिला धुक्यात बुडाल्यासारखे भासते. उणे ६ किंवा त्याहून अधिक नंबर असल्यास त्यास सर्वसाधारणपणे तीव्र लघुदृष्टी म्हणतात. डोळ्याची लांबी २६ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असणे, हीही तिची एक खूण मानली जाते.

हा दोष काही अंशी आनुवंशिक असतो. आई-वडील दोघांनाही लघुदृष्टी असल्यास मुलांमध्ये ती येण्याचा संभव वाढतो. परंतु अलीकडच्या काही दशकांत जगभर तिचे प्रमाण ज्या वेगाने वाढले आहे, त्याचा उलगडा केवळ आनुवंशिकतेने होत नाही. मुलांचा घराबाहेरील वेळ कमी होणे आणि डोळ्यांजवळ धरून करावयाच्या कामाचा वेळ वाढणे, ही दोन कारणे त्यामागे प्रामुख्याने आढळतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०५० सालापर्यंत जगातील सुमारे निम्म्या लोकांना लघुदृष्टी असेल आणि दर दहांपैकी जवळजवळ एकाला ती तीव्र स्वरूपात असेल. दिल्लीतील ५ ते १५ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांच्या पाहणीत १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी असल्याचे दिसून आले. ही पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली.

लांबलेल्या डोळ्यातील दृष्टिपटल

भाकरीचा गोळा तेवढाच ठेवून भाकरी अधिक मोठी थापली, तर ती पातळ होते व कडेला चिरते. लांबत जाणाऱ्या डोळ्यात दृष्टिपटलाची अवस्था काहीशी अशीच होते. दृष्टिपटलाची जाडी मुळातच अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते. डोळा लांबला तरी दृष्टिपटल त्या प्रमाणात नव्याने वाढत नाही. असलेलेच ताणले जाते. या ताणामुळे मुख्यतः चार प्रकारचे विकार संभवतात.

पहिला विकार दृष्टिपटलाच्या कडेचा. कडेकडचा भाग जागोजागी विरळ होतो व त्यात बारीक छिद्रे पडू शकतात. डोळ्याच्या पोकळीत भरलेला पारदर्शक, लिबलिबीत पदार्थ वयोमानाप्रमाणे पातळ होऊन दृष्टिपटलापासून सुटू लागतो. तीव्र लघुदृष्टीत ही क्रिया लवकर घडते. सुटताना तो विरळ जागी ओढ देतो आणि दृष्टिपटल फाटते. त्या फटीतून द्रव मागे शिरला की भिंतीचा कागद ओल येऊन सुटावा तसे दृष्टिपटल निखळू लागते. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींना मागील बाजूच्या रक्तवाहिन्यांकडून पोषण मिळते. निखळलेल्या भागाचे हे पोषण तुटते आणि त्या पेशी निकामी होऊ लागतात.

दुसरा विकार दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूचा. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही सर्व बारीक कामे या मध्यभागावर अवलंबून असतात. तो ताणला गेल्याने तेथील पेशी हळूहळू क्षीण होतात. काही वेळा त्याखाली नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात व त्यांतून रक्त वा द्रव झिरपतो. अशा झिरपण्यावर डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांचा उपचार आज उपलब्ध आहे. परंतु व्रण पडण्यापूर्वी तो सुरू व्हावा लागतो.

तिसरा विकार काचबिंदूचा. डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या चेतातंतूंची हानी होऊन नजरेचा परीघ आक्रसत जातो. तीव्र लघुदृष्टी असलेल्यांत याचा धोका अधिक असतो आणि रुग्णाला तो बराच काळ जाणवत नाही. चौथा विकार मोतीबिंदूचा. तो अशा डोळ्यात इतरांच्या मानाने लवकर उद्भवतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन उत्तम दिसू लागले, तरी लांब डोळ्यात त्यानंतर दृष्टिपटल निखळण्याचा धोका राहतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी व नंतरही दृष्टिपटल तपासून घेणे आवश्यक असते.

येथे हेही स्पष्ट केले पाहिजे की, तीव्र लघुदृष्टी असलेल्या बहुसंख्य व्यक्तींवर दृष्टिपटल निखळण्याचा प्रसंग येत नाही. त्या शिकतात, नोकरी-व्यवसाय करतात, वृद्धापकाळापर्यंत वाचू शकतात. धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक असला, तरी तो अटळ नव्हे. म्हणूनच भीती न बाळगता सावध राहणे इष्ट होय.

वेदना नसलेला आणीबाणीचा प्रसंग

दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. ते फाटले तरी डोळा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणी येत नाही. दुसरा डोळा चांगला असल्यास तर एका डोळ्याची नजर कमी झाल्याचेही चटकन ध्यानात येत नाही. आणि म्हणूनच रुग्ण थांबतो. अशक्तपणा आला असेल, ऊन लागले असेल, पित्त झाले असेल, अशी समजूत घातली जाते. सुगी आटोपू द्यावी, परीक्षा होऊ द्याव्या, पुढल्या महिन्यात नेत्रशिबिर आहेच, असे म्हणत आठवडे निघून जातात. या विलंबाची किंमत अनेकदा एका डोळ्याने मोजावी लागते.

पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास तो आणीबाणीचा प्रसंग समजावा :

१. अंधारात किंवा डोळे मिटलेले असतानाही नजरेच्या कडेला विजेसारखी चमक दिसणे.

२. डोळ्यांपुढे काळे ठिपके, जाळे किंवा काजळीसारखे कण एकाएकी मोठ्या संख्येने तरंगू लागणे.

३. नजरेच्या एका बाजूने काळा पडदा सरकत येत असल्याचा भास होणे.

४. सरळ रेषा वाकड्या दिसणे किंवा नजरेच्या मध्यभागी डाग येणे.

एखाद-दुसरा ठिपका वर्षानुवर्षे तरंगताना दिसणे, ही अनेकांच्या बाबतीत निरुपद्रवी गोष्ट असते. ठिपक्यांत अकस्मात भर पडली किंवा त्यांच्या जोडीला चमक दिसू लागली, तर मात्र दुर्लक्ष करू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नेत्रतज्ज्ञाकडून बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. चमक दिसणाऱ्या प्रत्येकाचे दृष्टिपटल फाटलेलेच असते असे नाही. परंतु ते फाटले आहे की नाही, हे तपासणीशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

दृष्टिपटल निखळल्यावर डोळा वाचविता येतो, ही गोष्ट तशी अलीकडचीच. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनँ या नेत्रतज्ज्ञाने १९२० च्या सुमारास, फाटलेली जागा शोधून ती बंद केल्यास दृष्टिपटल पुन्हा बसते, हे सिद्ध केले. तोपर्यंत हा विकार जवळजवळ असाध्य मानला जाई. पुढे १९४५ च्या सूर्यग्रहणात दृष्टिपटल भाजल्याचे उदाहरण पाहून जर्मनीतील गेर्ड मायर-श्विकेराथ यांना एक निराळी कल्पना सुचली. जो प्रकाश दृष्टिपटल भाजतो, त्याच प्रकाशाने छिद्राभोवती जाणूनबुजून बारीक व्रण उमटवून दृष्टिपटल चिकटवून ठेवता येईल, असे त्यांच्या मनात आले. आजचा लेसर उपचार याच तत्त्वावर चालतो. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या पोकळीतील पदार्थ काढून आतून दुरुस्ती करण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली आणि पूर्वी हाताबाहेर गेलेले समजले जाणारे अनेक डोळे वाचू लागले.

उपचार किती सोपा वा कठीण ठरेल, हे रुग्ण केव्हा पोहोचतो यावर अवलंबून असते. केवळ फट पडलेली असताना रुग्ण आला, तर बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांच्या लेसरने काम भागते. दृष्टिपटल निखळू लागले, पण मध्यभाग अद्याप शाबूत आहे, अशा वेळी तातडीने शस्त्रक्रिया केल्यास वाचण्याची नजर बहुधा टिकते. मध्यभाग निखळल्यानंतर मात्र शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही पूर्वीइतके स्पष्ट दिसेलच, याची शाश्वती राहत नाही. शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असल्यास सांगितलेल्या स्थितीत मान ठेवून पडून राहावे लागते. बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवास करणे व उंच घाटमाथ्यावर जाणे वर्ज्य असते. या सूचना घरच्या माणसांनीही नीट समजावून घ्याव्या.

खेड्यातील रुग्णाने प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात गेल्यास तेथून जिल्हा रुग्णालयाकडे अथवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे चिठ्ठी घ्यावी. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून तेथे दृष्टिपटलाचे तज्ज्ञ त्या दिवशी उपलब्ध आहेत काय, याची खात्री करावी. जुन्या चष्म्याच्या नंबराचा कागद सोबत ठेवावा. गावठी औषध, मध किंवा दुकानातून आणलेले थेंब डोळ्यात घालून वेळ दवडू नये.

वर्षातून एक तपासणी

अशा प्रसंगाची वाट न पाहता वर्षातून एकदा दृष्टिपटलाची संपूर्ण तपासणी करून घेणे, हा तीव्र लघुदृष्टीतील काळजीचा मुख्य आधार होय. नंबर वाढलेला नसला, दिसण्याची काही तक्रार नसली, तरी ही तपासणी चुकवू नये. कडेच्या छिद्रांचा दिसण्यावर काहीच परिणाम होत नाही. केवळ नंबर तपासून ती सापडत नाहीत. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते व तज्ज्ञाला विशेष भिंगांच्या साहाय्याने दृष्टिपटल कडेपर्यंत न्याहाळावे लागते. त्याच वेळी डोळ्यातील दाब मोजला जातो आणि चेतातंतूंची स्थिती पाहिली जाते. आवश्यक तेथे दृष्टिपटलाच्या थरांचे छायाचित्र घेण्यात येते. ते जपून ठेवल्यास पुढील वर्षी तुलना करणे सोपे जाते.

थेंब घातल्यावर बाहुली मोठी होण्यास साधारण अर्धा तास लागतो आणि त्यानंतर काही तास जवळचे अंधुक दिसते व उजेड सहन होत नाही. म्हणून सोबत कोणास तरी न्यावे आणि परतताना स्वतः मोटारसायकल चालवू नये. तपासणीत विरळ जागा आढळली, म्हणजे प्रत्येक वेळी लेसरची गरज असतेच असे नाही. कोणती जागा केवळ नजरेखाली ठेवावयाची व कोणतीवर उपचार करावयाचा, हा निर्णय तज्ज्ञाचा असतो.

चष्म्यापासून सुटका करणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेबाबत मोठा गैरसमज आहे. या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पुढील भागाचा आकार बदलतो. डोळ्याची लांबी कमी होत नाही. उणे ९ नंबराच्या तरुणाचा चष्मा सुटला, तरी त्याचे दृष्टिपटल उणे ९ नंबराचेच राहते. ‘आपला नंबर गेला’ या समजुतीने तपासणी सोडून देणाऱ्यांना यातून धोका संभवतो. डॉक्टर बदलल्यास जुना नंबर आवर्जून सांगावा.

घरच्या घरी करण्याजोगी एक साधी चाचणीही आहे. गणिताच्या चौकटीच्या वहीचे पान नेहमीचा चष्मा लावून वाचण्याच्या अंतरावर धरावे. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने पानाच्या मध्यभागी पाहावे व नंतर डोळा बदलावा. रेषा वाकड्या किंवा तुटक दिसल्या, काही चौकोन नाहीसे झाले, तर त्वरित तज्ज्ञाकडे जावे. आठवड्यातून एकदा एवढे करण्यास एक मिनिटही लागत नाही. मात्र या चाचणीने केवळ मध्यभागाचीच परीक्षा होते. ती वार्षिक तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

दैनंदिन जीवनातील काही गोष्टी

मोठ्या नंबराचा चष्मा निवडताना चौकट लहान व चेहऱ्यावर घट्ट बसणारी असावी. भिंग जेवढे रुंद, तेवढी त्याची कड जाड होते. चष्मा नाकावरून घसरून डोळ्यांपासून दूर गेला की भिंगाची परिणामकारकता घटते व अंधुक दिसते. काचेपेक्षा न फुटणारे प्लॅस्टिकचे भिंग सुरक्षित असते. शक्य असल्यास एक जादा चष्मा घरी ठेवावा. कारण मोठ्या नंबराचा चष्मा फुटल्यास नवा मिळेपर्यंत माणूस अक्षरशः परावलंबी होतो. वाहन चालविणाऱ्यांनी आणि प्रवासास जाणाऱ्यांनी याचे विशेष भान ठेवावे.

चालणे, धावणे, शेतातील नेहमीची कामे, यांवर सहसा बंधन नसते. डोळ्याला किंवा डोक्याला थेट मार बसण्याचा संभव असलेल्या मुष्टियुद्धासारख्या खेळांपासून मात्र दूर राहावे. चेंडू-विटीचे खेळ खेळताना व वेल्डिंग, दगड फोडणे यांसारखी कामे करताना संरक्षक चष्मा वापरावा. शीर्षासनात डोळ्यातील दाब लक्षणीय वाढतो. ज्यांना काचबिंदू आहे वा त्याची शंका आहे, त्यांनी ते आसन टाळावे. इतरांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गर्भवती स्त्रीचा नंबर मोठा असल्यास प्रसूती शस्त्रक्रियेनेच करावी लागते, अशीही एक समजूत आहे. केवळ नंबरामुळे तशी आवश्यकता नसते. गरोदरपणात एकदा दृष्टिपटल तपासून घेतले म्हणजे शंका राहत नाही. गाजर, पालेभाज्या, अंडी यांतील जीवनसत्त्वे डोळ्यांच्या आरोग्यास आवश्यकच आहेत. पण त्यांनी वाढलेला नंबर उतरत नाही. डोळ्यांच्या व्यायामांनी नंबर जातो, हा दावाही खरा नाही. एकदा लांबलेला डोळा आखूड होत नसतो.

मुलांचा नंबर वाढू नये म्हणून

लघुदृष्टी जितक्या लहान वयात सुरू होते, तितकी ती तीव्र होण्याची शक्यता अधिक. म्हणून प्राथमिक शाळेची वर्षे या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची ठरतात. या वयात मुलांना दिवसातून सुमारे दोन तास उघड्यावर खेळू देणे, हा आजवर सिद्ध झालेला सर्वांत सोपा व बिनखर्ची उपाय होय. चीनमधील ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांसाठी काही शाळांतून दररोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेण्यात आला. तीन वर्षांनंतर या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. तैवानमध्ये तर २०१० पासून मुलांनी रोज १२० मिनिटे वर्गाबाहेर घालवावीत, अशी मोहीमच हाती घेण्यात आली.

याचे कारण प्रकाशात आहे. वर्गातील दिव्यांच्या उजेडापेक्षा मोकळ्यावरचा उजेड अनेक पटींनी अधिक असतो. झाडाच्या सावलीतही तो वर्गातल्यापेक्षा पुष्कळ अधिक भरतो. अशा भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन नावाचे द्रव्य अधिक प्रमाणात स्रवते व डोळ्याच्या लांबण्यास आळा बसतो, असे संशोधक मानतात. त्यासाठी भर उन्हात उभे राहण्याची गरज नाही. सकाळ-संध्याकाळचे खेळ, कडुनिंबाखाली भरविलेला एखादा तास, शाळेपर्यंतची पायपीट, या साऱ्यांचा उपयोग होतो. सूर्याकडे थेट पाहणे मात्र सर्वथा वर्ज्य होय.

वाचताना पुस्तक साधारण एक फुटाहून जवळ धरू नये, अर्ध्या तासाने नजर उचलून लांब पाहावे, लहान मुलांच्या हाती मोबाईल फार वेळ राहू नये, या सवयीही हितकारक आहेत. ज्या मुलांचा नंबर वेगाने वाढत आहे, त्यांच्यासाठी अ‍ॅट्रोपिनचे अत्यंत सौम्य थेंब आणि विशेष रचनेची भिंगे, असे उपाय आता उपलब्ध आहेत. त्यांनी वाढीचा वेग कमी होतो. हे उपचार नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावेत. ‘पूर्ण नंबर दिल्यास डोळ्यांना सवय लागेल’, या समजुतीने मुद्दाम कमी नंबराचा चष्मा देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिने नंबर वाढावयाचा थांबत नाही आणि मुलाचे अभ्यासात नुकसान होते.

दोष प्रथम हेरण्याची संधी शिक्षकांना असते. डोळे बारीक करून पाहणे, फळ्याजवळ जाणे, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणे, मैदानावर चेंडू न दिसणे, ही त्याची लक्षणे. असे मूल पुष्कळदा ‘ढ’ किंवा ‘आळशी’ ठरविले जाते. ६ मीटर अंतरावर टांगलेला अक्षरांचा तक्ता एकेका डोळ्याने वाचून घेतल्यास ही शंका वर्गातच फिटू शकते. शाळेत जाण्यापूर्वीच मोठा नंबर आढळलेल्या, तसेच अपुऱ्या दिवसांच्या जन्मलेल्या मुलांची तपासणी अधिक बारकाईने होणे जरुरीचे आहे. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. लग्न जमण्यास अडथळा येईल, या धास्तीने त्यांना चष्मा घेऊन दिला जात नाही किंवा पाहुण्यांपुढे तो काढून ठेवावयास लावतात. अशा मुलींची तपासणीही मग होत नाही आणि दृष्टिपटलाचा दोष लपून राहतो. महिला सदस्यांनी व शिक्षिकांनी पालकांची समजूत काढल्यास हा प्रश्न सुटू शकतो.

शासकीय सोयी व हक्क

देशात १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २०१७ साली त्याच्या नावात दृष्टिक्षीणतेचाही समावेश करण्यात आला. शाळकरी मुलांची नेत्रतपासणी व गरजूंना मोफत चष्मे हा त्याचा एक भाग आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळांना एकदा भेट देऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यात दृष्टिदोषही पाहिले जातात. पथकाच्या भेटीच्या दिवशी पटावरील प्रत्येक मूल उपस्थित राहील, हे मुख्याध्यापकांनी पाहावे. गैरहजर राहिलेल्यांची यादी करून त्यांची तपासणी नंतर करून घ्यावी. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेचा खर्च झेपणार नसल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणत्या रुग्णालयात ती होऊ शकेल, याची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करावी.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात अंधत्व व अल्पदृष्टी या दोन्हींचा अंतर्भाव आहे. केवळ जाड चष्मा लागतो, म्हणून कोणी या कायद्याखाली दिव्यांग ठरत नाही. योग्य चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ठरावीक मर्यादेहून कमी असेल किंवा नजरेचा परीघ फार आक्रसलेला असेल, तरच प्रमाणपत्र मिळते. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास शिक्षणात व शासकीय नोकरीत कायद्याने ठरवून दिलेल्या सवलती मिळू शकतात. दृष्टिपटलाच्या विकाराने नजर गेलेल्या अनेक व्यक्ती केवळ माहितीअभावी या हक्कांपासून वंचित राहतात. ग्रामसेवकांनी व पंचायत सदस्यांनी अशांना जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास साहाय्य करावे.

गावाच्या हाती काय आहे?

वरील विवेचनावरून दिसून येईल की, या कामात मोठ्या निधीची गरज नाही. शाळेचे मैदान मोकळे व खेळण्याजोगे ठेवणे पंचायतीच्या हाती आहे. मधली सुट्टी आणि खेळाचा तास इतर विषयांना न देणे शाळेच्या हाती आहे. जाड चष्मा वापरणाऱ्या प्रौढांना आशासेविकेने वर्षातून एकदा दृष्टिपटलाच्या तपासणीची आठवण करून देणे, ही अगदी थोड्या श्रमाची गोष्ट होय. धोक्याच्या चार लक्षणांचा फलक प्राथमिक आरोग्य केंद्रात, शाळेत व पंचायतीच्या कार्यालयात लावता येईल. ग्रामसभेत ही लक्षणे एकदा वाचून दाखवावीत आणि अशा रुग्णाला त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचविण्यासाठी कोणते वाहन मिळू शकेल, हे आगाऊ ठरवून ठेवावे.

मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेनंतर बहुधा परत मिळते. दृष्टिपटलाचे तसे नाही. तेथे निकामी झालेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणून मोठ्या नंबराच्या प्रत्येक चष्म्यामागे जपावयाचा असा एक नाजूक डोळा आहे, याचे स्मरण स्वतः चष्मा लावणाऱ्याने, त्याच्या कुटुंबीयांनी आणि गावातील जाणत्या मंडळींनी ठेवावे. वर्षातून एक दिवस तपासणीसाठी राखून ठेवणे आणि चमक किंवा पडदा दिसताच त्याच दिवशी घर सोडणे, एवढ्या दोन गोष्टी पाळल्या, तर कितीतरी डोळ्यांचा प्रकाश आयुष्यभर टिकून राहील.